वुर्यांतीच्या गोंगला हात लावायचा नाही

करांगसारी गावात सुवारजोनोंनी कुणाचं तोंडभरून कौतुक केलेलं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ते काशाचे गोंग घडवत होते. माणसाच्या कवेत न मावणारे, मधोमध फुगवटा असलेले, लाकडी चौकटीला टांगायचे. राजवाड्याकडून माणूस यायचा, मऊ टोला हाणून डोळे मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, "काय नाद आहे हो!" त्यावर सुवारजोनो म्हणत, "बरा झालाय." स्वतःच्या कामाला 'बरा' आणि दुसऱ्याच्या कामाला 'हं', असा त्यांचा हिशोब. पोटच्या मुलीच्या वाट्याला 'हं'सुद्धा सणासुदीलाच यायचं.

ही मुलगी म्हणजे वुर्यांती. चौतीस वर्षांची. सेमारांग शहरातल्या विज्ञान केंद्राच्या कारखान्यात ती कामाला होती. शाळेतली पोरं जे मोडतात ते ही दुरुस्त करते, एवढंच घरच्यांना ठाऊक. मंगळवारी दुपारी तिचा फोन आला, तेव्हा तिची आई सुमिराह टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळत होती. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला.

"बापाक, या रविवारी आमच्या केंद्रात कामगारांच्या घरच्यांना बोलावलंय. तीन नव्या वस्तू तपासायला मांडणार आहेत. त्यातली एक माझी आहे."

"तुझी म्हणजे?"

"मी केलेली. गोंग आहे."

सुवारजोनोंनी चहाचा पेला खाली ठेवला. "कुणाकडून घेतलास?"

"कुणाकडून कशाला? मीच ठोकलाय. लोखंडाचा."

"लोखंडाचा," सुवारजोनो म्हणाले. भात करपला की घरातला माणूस ज्या आवाजात 'करपला' म्हणतो, तोच आवाज.

"काशाचा मला कोण देणार? ऐका ना. दहा ते अकरा, एक तास, लोक त्या वस्तूशी कसे वागतात ते वरचे बघणार. पसंत पडली तर ती कायमची दालनात राहणार, खाली पाटी लागणार. नाहीतर सोमवारी मोडून भंगारात. दोन वर्षं घातलीत मी यात, बापाक. तुम्ही या. जेवढे येतील तेवढे या."

"हं," सुवारजोनो म्हणाले, आणि फोन बंद झाला.

पण त्या 'हं'नंतर त्यांना चहा काही पिववेना. दोन वर्षं! पोरीनं दोन वर्षं गोंग ठोकला आणि बापाला अवाक्षर सांगितलं नाही. लहानपणी भट्टीच्या उंबऱ्यावर बसून घणाचे ठोके मोजायची, ते आठवलं. त्यांचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आला की ते ज्याच्या त्याच्यावर खेकसत, तसे सुमिराहवर खेकसले.

"कळलं का काही? परीक्षा आहे पोरीची! लोक कसे वागतात ते बघणार आहेत. म्हणजे आपलं वागणं बघणार. आपण तिथं गावंढळासारखे वागलो तर तिचा गोंग भंगारात जाईल."

"मग मला कशाला ओरडता? मी काय गोंगवर टेंपे तळणार आहे?" सुमिराह म्हणाली. पण पाचावर धारण तिचीही बसली होती.

त्या संध्याकाळपासून घरात लग्नघर शिरलं. पहिला प्रश्न, जायचं कोणी. घरची माणसं दहा. पण शेजारच्यांना 'चला ना तुम्हीही' म्हटल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकणं म्हणजे गावाशी वैर. म्हणायचं आपण, 'नको, कशाला' म्हणायचं त्यांनी, आणि दोघांनी समाधानानं आपापल्या घरी जायचं. सुमिराहनं बू हार्तिनाहला, म्हणजे गावप्रमुखाच्या बायकोला, रीतीप्रमाणे विचारलं. बू हार्तिनाह रीतीप्रमाणे नको म्हणाली. सुमिराहनं दुसऱ्यांदा विचारलं, तीही दुसऱ्यांदा नको म्हणाली. इथं थांबायचं की नाही? पण सुमिराहच्या जिभेला हाड नाही. तिनं तिसऱ्यांदाही विचारलं, आणि तिसऱ्या आग्रहाला नाही म्हणणं हा अपमान, म्हणून बू हार्तिनाह नवरा, सासू आणि दोन सुना घेऊन यायला तयार झाली. तिनं आपल्या बहिणीला विचारलं. बुधवार रात्रीपर्यंत आकडा एकोणीसवर गेला आणि मिनीबसच ठरवावी लागली.

मग कपडे. सगळ्यांनी एकाच ठाणातली बाटिक घालायची, त्याशिवाय एका घरची माणसं कशी दिसणार? सुमिराहकडे तपकिरी-निळ्या बाटिकचं ठाण पडून होतं. गावातल्या दोन शिंप्यांनी तीन दिवस शिवण यंत्रावरून मान वर केली नाही. एका सुनेच्या कुडत्याला बाह्या पुरल्या नाहीत तर पडद्याच्या कापडाच्या लावल्या. खाण्याचा प्रश्न नव्हताच. केळीच्या पानात वळलेले भाताचे साठ मुटके, उकडलेली अंडी, गोड चहाचे तीन थर्मास. माणशी तीन मुटके, आणि उरलेले वाटेत कुणाला लाजेकाजेस्तव द्यायला.

सुवारजोनोंनी मात्र स्वतःकडे एकच काम घेतलं, आणि ते म्हणजे शिस्त. शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर त्यांनी बाकीच्या अठराच्या अठरा माणसांना अंगणात रांगेत उभं केलं. फणसाच्या झाडाला एक जुना गोंग टांगला.

"हा वुरचा गोंग समजा. आता एकेकानं समोर यायचं. डाव्या हातावर उजवा हात, पोटाशी. मान किंचित खाली. मनात पाच मोजायचे. मग उजवीकडून पुढं. वुर्यांतीच्या गोंगला कुणी हात लावायचा नाही!"

"फुंकर घातली तर चालेल?" बू हार्तिनाहच्या नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही गावाचे प्रमुख आहात म्हणून गप्प बसतो. धातूला घामाचा हात लागला की तीन दिवसांत काळा डाग उठतो. एकदा माझ्या गोंगवर कुणा हमालाचा पंजा उमटला होता, तर गिऱ्हाइकानं तो दारातून परत पाठवला. एक पंजा! उद्या एकोणीस माणसांचे अडतीस पंजे उमटले तर पोरीनं काय तोंड दाखवायचं?"

रांगेच्या शेवटी थोरल्या मुलाची मुलगी लारास उभी होती. वय नऊ, आणि जीभ आजीची. ती आजोबांना म्हणाली, "पण म्बाह, आम्ही शाळेतून गेलो होतो ना तिथं. तिथं सगळ्याला हात लावायचा असतो. बाई स्वतः म्हणाल्या, लावा हात."

"बाई म्हणणारच. बाई सभ्य घरच्या असतील. न्दुक, पोरी, आपण कुणाकडे गेलो की समोर चहा येतो. घरची म्हणते, 'मोंग्गो, घ्या ना.' आपण लगेच घेतो का?"

"नाही."

"पुन्हा म्हणते, 'मोंग्गो.' मग घेतो?"

"नाही. तिसऱ्यांदा म्हणाली की घेतो."

"का?"

"कारण नाहीतर लोक म्हणतात, यांच्या घरी चहा नाही वाटतं."

"शाब्बास," असं सुवारजोनो म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "हं." पण रांगेतल्या सगळ्यांनी मान डोलावली. पटण्यासारखंच होतं. यजमानानं 'हात लावा' म्हणणं हे यजमानाचं काम, न लावणं हे पाहुण्याचं.

"पण म्बाह..." लारास पुन्हा म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडात सुमिराहनं भाताचा मुटका कोंबला. शनिवारी संध्याकाळपर्यंत लोक झोपेतसुद्धा पोटाशी हात जुळवू लागले होते.

रविवारी पहाटेची नमाज आटोपून गाडी निघाली आणि साडेनऊला सेमारांगला पोचली. केंद्राच्या दारावर भलीमोठी पाटी होती: 'कृपया हात लावा!' सुवारजोनोंनी ती ओठ हलवत वाचली.

"बघा, काय सभ्य माणसं आहेत. एकदा म्हणून झालं त्यांचं," त्यांनी मागं वळून सांगितलं. अठरा जणांनी माना डोलावल्या आणि हात पोटाशी घेतले.

आत नुसता कल्लोळ होता. एका कोपऱ्यात लोक सायकली मारून दिवे पेटवत होते, दुसऱ्या कोपऱ्यात एक आजीबाई साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून मोठी कडी वर ओढून माणसाएवढा फुगा काढत होत्या. सुवारजोनोंना त्या घरांची दया आली. कोणी वळण लावलेलंच नाही बिचाऱ्यांना! आणि मग समोर वुरचा गोंग दिसला.

काळाभोर, तेल लावून पुसलेला. चौकटीला सुताच्या दोरानं टांगलेला. शेजारी हूकला कापड गुंडाळलेली मोगरी. गोंगच्या पुढ्यात पितळेचा पातळ पत्रा, आणि पत्र्यावर समुद्रकाठची काळी वाळू पसरलेली. वर लहान पाटी: 'मला वाजवा.' दुसऱ्यांदा म्हणाले, सुवारजोनोंनी मनाशी मोजलं. खाली एका डबीत लाल आकडा पेटला होता: शून्य.

पलीकडे पिवळी पट्टी आखली होती आणि पट्टीमागं वुर्यांती उभी होती. निळ्या कामगारी कपड्यात, केस बांधलेले. ज्यानं वस्तू केली त्यानं त्या तासात बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असा तिथला नियम. ती त्यांच्याकडे बघून हसली. शेजारी जाड भिंगांच्या चष्म्याची एक बाई हातात कागद घेऊन उभी होती. ती तिथली मुख्य, इबू सियाहान. सुमात्राकडची, टोबा सरोवराकाठची. तिकडची माणसं तीनदा विचारत बसत नाहीत.

दहा वाजले, आणि सुवारजोनो पुढं झाले. डाव्या हातावर उजवा हात. मान खाली. एक, दोन, तीन, चार, पाच. उजवीकडून पुढं. मागोमाग सुमिराह. मागोमाग थोरला मुलगा, सून, बू हार्तिनाह, तिची सासू. एकाच बाटिकमधली माणसं, एकामागून एक, घड्याळाच्या काट्यासारखी. पाय घासल्याचासुद्धा आवाज नाही. सुवारजोनोंची छाती रुंद झाली. कुठल्या राजवाड्यात अशी रांग गेली नसेल! सगळे जाऊन आले तरी आकडा शून्यच. एकही चूक नाही. त्यांनी रांग पुन्हा फिरवली, म्हणजे वरच्यांना खात्री पटेल.

साडेदहाला इबू सियाहाननं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. सुवारजोनोंनी ते पाहिलं आणि मुलीकडे बघितलं.

वुर्यांती आता हसत नव्हती. खालचा ओठ दातांत धरून ती जमिनीकडे बघत होती. हा चेहरा त्यांना ओळखीचा होता. सात वर्षांची असताना भट्टीच्या उंबऱ्यावर तिनं चिखलाचा गोंग करून ठेवला होता आणि दिवसभरात येणारा जाणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून गेला होता, तेव्हाचा.

लारासनं त्यांच्या बाहीला हिसका दिला. आता तिच्या तोंडात मुटका नव्हता. "म्बाह, तो आकडा चुकांचा नाही. किती वेळा वाजवला त्याचा आहे. तिकडं सायकलीपाशी बघा, एकशे बारा. फुग्यापाशी अठ्ठ्याण्णव. आत्याचा शून्य. आत्या नापास होतेय."

सुवारजोनोंनी सायकलींकडे बघितलं. फुग्याकडे बघितलं. घामाघूम झालेल्या, कोपरापर्यंत भिजलेल्या त्या वळण नसलेल्या माणसांकडे बघितलं. त्यांच्या कानशिलापासून मानेपर्यंत सगळं तापलं. दोन दिवस आपण अंगणात उभे राहून पोरीच्या दोन वर्षांवर पाणी कसं ओतायचं, त्याची तालीम घेत होतो! अति तेथे माती म्हणतात, ती ही.

आणि तरी हात सुटेनात. तिसरं 'मोंग्गो' कुठून येणार? वुरला बोलायची बंदी. पाटी दोनच. मागं अठरा माणसं, त्यात गावप्रमुख आणि त्याची आई, आणि सगळ्यांना ज्यानं पढवलं तो आपण. आपणच रांग मोडून हावरटासारखा हात घातला तर जन्मभर गाव म्हणेल, सुवारजोनोनं यजमानाचा चहा न विचारताच पिऊन टाकला. साठ वर्षांची अब्रू होती ती. पोरीची दोन वर्षं होती.

त्यांनी पोटावरचे हात सोडले. सरळ गोंगपुढं गेले, मोगरी उचलली आणि मधल्या फुगवट्यावर मारली.

लोखंड असं बोलेल, असं त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. खोल, जरा खरखरीत, पण दीर्घ. नाद उठला आणि मग तो श्वास घेऊ लागला. वाढला, ओसरला, वाढला, ओसरला. चांगल्या गोंगच्या नादाला अशी लाट असते. लाट नसेल तर तो गोंग नव्हे, झाकण. पंचेचाळीस वर्षं सुवारजोनो ही लाट डोळे मिटून मोजत आले होते. आज डोळे मिटायचे राहिले, कारण पुढ्यातल्या पत्र्यावर काळी वाळू उसळली होती. नाद वाढला की वरंबे धरून उभी राहत होती, ओसरला की निजत होती. उठली, निजली. उठली, निजली.

"सुमिराह!" ते ओरडले, आणि त्यांचा ओरडण्याचा आवाज सगळ्या दालनात गेला. "इकडं ये! लाट बघ! अगं, लाट दिसतेय!"

त्यांनी पुन्हा मारलं. मग काठाशी मारलं, वाळूनं चांदणी धरली. मग तळहात, ज्या हाताची त्यांनी गावभर दहशत घातली होती तोच घामेजला तळहात, गोंगच्या पाठीवर टेकवून मारलं. चांदणी मोडून पट्टे झाले. म्हातारा खुदकन हसला. आकडा चार झाला होता.

मागं वळले तर अठरा माणसं तशीच उभी, हात पोटाशी.

"आता काय बघताय? या पुढं!"

"पण तुम्हीच तर..." बू हार्तिनाहच्या सासूनं तोंड उघडलं.

"मीच म्हणालो होतो, आणि मी गाढव आहे! मोंग्गो! मोंग्गो! मोंग्गो! झालं तीनदा?"

मग काय विचारता. गोंगच्या गावातली माणसं ती, पाळण्यात असल्यापासून कानात गोंग. तीन दिवस बांधून ठेवलेले हात एकदम सुटले. गावप्रमुखानं मोगरी घेतली ती बायकोनं हिसकावली. लारासनं वाळूवर बोट धरलं आणि सून काठावर मारून बघू लागली, कुठं मारलं की कुठलं चित्र. सासूबाई म्हणाल्या, मला खुर्ची द्या, मी इथून हलत नाही. वाद सुरू झाले. चांदणी सहा टोकांची की आठ? गोंग खालून धरला तर? ओल्या फडक्यानं धरला तर? त्या गलक्यानं फुग्याजवळची माणसं इकडं आली, साबणाच्या हातांनीच. मग सायकलवाले आले. गावप्रमुख त्या परक्या लोकांना, जणू गोंग त्यानंच ठोकलाय, अशा थाटात समजावून सांगू लागला. अकरा वाजून गेले, शिट्टी झाली, तरी कुणी ऐकेना. आकडा तीनशे चाळीसवर थांबला, तोही इबू सियाहाननं तार काढली म्हणून.

सुवारजोनो तेवढ्यात गोंगच्या मागच्या बाजूला गेले होते आणि बोटांनी ठोक्यांच्या खुणा चाचपत होते. बाहेरून आत, गोल, प्रत्येक ठोका आधीच्याला अर्धा झाकणारा. हे त्यांनी कुणालाच शिकवलं नव्हतं. पोरगी उंबऱ्यावर बसून नुसतं मोजत होती असं त्यांना वाटत होतं.

वुर्यांती पिवळी पट्टी ओलांडून आली. तोंडावर घाम की अश्रू ते कळत नव्हतं. "बापाक, लोखंड आहे म्हणून जरा..."

"लोखंडच आहे," सुवारजोनो म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फार सुंदर केलायस, वुर. लाट मला आयुष्यभर कुणाला दाखवता आली नाही. तू दाखवलीस. मला तुझा अभिमान वाटतो."

सुमिराहच्या हातातलं अंडं खाली पडलं.

इबू सियाहान कागद घेऊन आली. "ही वस्तू राहणार इथं. कायमची. मला तर वाटलं होतं, तुम्ही लोक अंत्ययात्रेला आलायत. बरं, पाटीवर काय लिहू? नेहमीप्रमाणे 'केंद्राच्या कारखान्यात तयार केलेले' असं लिहिते. की तुमचं घराणं घालू, बापाक? वुर सांगते, तुमचं नाव मोठं आहे."

सुवारजोनोंनी गोंगवरचे हात मागं घेतले.

"बाई, आमच्याकडे गोंगवर घडवणाऱ्याचं नाव घालत नाहीत. माझ्या बापानं घातलं नाही, मी घातलं नाही. माझे गोंग कुठं कुठं टांगलेत, आणि एकाच्याही खाली माझं नाव नाही. मला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. पण हिचं घाला. मोठ्या अक्षरात. वुर्यांती."

बाईनं लिहिलं. "आणि पुढं? सुवारजोनोंची मुलगी?"

अठरा माणसं कान टवकारून उभी होती. सुवारजोनोंनी कागद हातात घेतला, लांब धरून ते एकच नाव दोनदा वाचलं आणि परत दिला.

"नको. नुसतं तिचंच राहू द्या. कुणी विचारलंच बाप कोण, तर सांगेल ती."